वरताळ्याचा ठोका

सायकलीवर टेकडी चढताना छातीतले ठोके मोजायचे तर कशानं मोजायचे, हा प्रश्न आमच्या तुमसरात माझ्याआधी कुणाला पडला नसावा. आमच्याकडचे लोक सायकलीवर तांदळाचं पोतं लादून चढ चढत आणि वर पोचले की आधी बिडी पेटवत. ठोक्यांची चौकशी कुणी करत नसे. मला करावी लागली, आणि तीही हौसेनं नव्हे.

अकराव्या वर्षी मला सांध्यांचा ताप आला होता. दोन महिने अंथरुणात काढले. उठलो तेव्हा डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं की हृदयात जरा फुरफुर ऐकू येते, पोराला जपा. आईनं ते इतकं मनावर घेतलं की पुढं मला कधी विहिरीवरून भरली बादली आणू दिली नाही. शाळेत कबड्डीचे दोन गट पडत, तेव्हा मी कपडे सांभाळायला. ‘दिलाचा कच्चा’ हे नाव गल्लीत पडलं ते पडलंच. मी मुळातला चिडका, त्यात हे. चिडलो की लोक म्हणत, नको रे, त्याचा दिल कच्चा आहे. मग मी आणखी चिडायचो.

मॅट्रिकनंतर दोन वर्षं रिकामा फिरलो आणि मग जंगलखात्यात गार्डाच्या जागेसाठी माझी निवड झाली. सत्तरीचं दशक निम्मं सरत आलं होतं. नोकरी बपेऱ्याकडल्या जंगलात, म्हणजे रोज सायकल आणि रोज टेकड्या. हातात पत्र आलं, फक्त डॉक्टरांचं प्रमाणपत्र राहिलं होतं. डॉक्टर तेच, नळीही बहुतेक तीच. छाती ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

“आज सही करत नाही,” ते म्हणाले. “तीन महिने मुदत मागून घे. रोज सायकलनं एक चढ चढ. वर पोचल्याबरोबर एक मिनिट नाडी मोजायची. आकडा एकशे चाळीसच्या आत पाहिजे. सलग आठ दिवस त्याच्या वरच राहिला, तर हा नाद सोडायचा आणि घरी बसायचं. फसवाफसवी करू नकोस, छाती तुझी आहे.”

खात्यातल्या साहेबांनी शिमग्यापर्यंत मुदत दिली. म्हणजे माझी नोकरी, आणि नोकरीपेक्षा मोठी गोष्ट, मी धड माणूस आहे की नाही हे, एका आकड्यावर येऊन टेकलं.

आता आकडा मोजायला घड्याळ हवं. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यानं माझ्यासमोर तीन जुनी घड्याळं मांडली. पहिलं सोनेरी, देखणं, पण त्याला सेकंदाचा काटाच नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, “लग्नात देतेत ना हे. जावयाले सेकंद कायले लागते?” दुसऱ्याला सेकंदाचा काटा होता, पण तबकडीच्या खालच्या भागात कोरलेल्या इवल्याशा चक्रात, केसासारखा बारीक. दुकानात बसून तो नीट दिसत होता. मला दुकानात बसून बघायचं नव्हतं. मी ते मनगटावर बांधलं, सायकलीवर टांग टाकली आणि जीव खाऊन बाजाराला दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीला घड्याळवाला हसला. दुसऱ्या फेरीला तो दुकानाबाहेर येऊन उभा राहिला होता, कारण मी घड्याळ घेऊन पळालो असं त्याला वाटलं. धापा टाकत उतरून बघतो तर तो बारीक काटा नुसता थरथरताना दिसला, कुठल्या घरात आहे ते कळेना.

तिसरं घड्याळ कुरूप होतं. काचेवर ओरखडे, पट्टा तुटका. पण त्याच्या मधोमध लांब लाल सेकंदकाटा होता आणि तो धापा टाकतानाही दिसत होता. “हे दिवसाले पाच मिनिटं समोर जाते,” घड्याळवाल्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. मला दिवस नको होता, एक मिनिट हवं होतं. मी तेच घेतलं.

घरी बाबांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं. बाबा मापारी होते. तुमसरच्या बाजारात तोवर वजनाचे काटे आले होते, पण सुगीनंतर गावोगावच्या खळ्यांवर धान अजून पायलीनंच मोजलं जाई, आणि बपेऱ्याच्या बाजूला माप म्हटलं की बाबांनाच बोलावणं येई. शाळेत ते गेले नव्हते, घड्याळ त्यांना वाचता येत नव्हतं. पण मोजण्याच्या बाबतीत त्यांना कुणी दोन शब्द सांगायची सोय नव्हती.

“हे मोजते का?” त्यांनी विचारलं.

“मोजत नाही. मिनिट दाखवते.”

“मंग हे कायचं मोजते? हे तं नुसतं फिरते. मोजाले माणूस लागते.”

मला राग आला, पण पहिल्याच दिवशी ते खरं ठरलं. खळ्यांचे दिवस सुरू झाले होते. बाबा मुक्कामाला बपेऱ्याला गेले, आणि मीही सायकल घेऊन त्यांच्यासोबत गेलो. तिथून पाऊण तासावर चांदपूरची टेकडी. एकटाच चढून वर गेलो, मनगट धरलं, लाल काट्याकडे बघत मोजू लागलो. साठापर्यंत ठीक चाललं. पुढं सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर म्हणेपर्यंत तोंडाला श्वास पुरेना आणि ठोके पुढं निघून जात. धापा टाकणाऱ्या माणसानं स्वतःचे ठोके मोजू नयेत. तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे आले. दगडावर बसून मी स्वतःच्याच हाताला शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी बाबा न बोलावता कॅरिअरवर येऊन बसले. पायथ्याशी उतरले, पायवाटेनं वर गेले आणि माथ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली बसून राहिले. मी सायकलनं रस्त्यानं चढून गेलो. सायकल आडवी टाकली आणि त्यांच्यापुढं हात केला. काट्याकडे बघून “हो” आणि “बस” म्हणायचं काम माझं. मोजायचं काम त्यांचं.

बाबांचं मोजणं खळ्यावरचंच होतं. मापारी पहिल्या पायलीला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन असं वीसपर्यंत. वीस झाले की खूण म्हणून धानाचा एक दाणा डाव्या तळहातावर, आणि पुन्हा लाभ. मोठे आकडे तोंडात घ्यायचेच नाहीत, म्हणून चूक होत नाही. आणि दर विसामागं एक पायली वर, न मोजता, घेणाऱ्याच्या पोत्यात. त्याला वरताळा म्हणत. काही मापारी तो देताना हात आखडत. बाबांनी उभ्या आयुष्यात आखडला नाही. “घेणारा तुटीत नाही गेला पायजे,” एवढंच ते म्हणत, आणि त्यांचं नाव होतं ते त्याच्यावरच.

माझं मनगट त्यांनी पायलीइतक्याच गंभीरपणे धरलं. त्यांच्या बोटांना धानाच्या तुसाचा खरबरीतपणा होता. डोळे अर्धे मिटून ते पुटपुटत, “लाभ, दोन, तीन…” आणि वीस झाले की अंगठ्यानं एक दाणा पुढं सरकवत. मी “बस” म्हटलं की तळहात माझ्यापुढं धरत. दाणे आणि वरचे सुटे. सात दाणे, सुटे नऊ. म्हणजे एकशे एकोणपन्नास.

पहिले सहा दिवस आकडा एकशे चाळीसच्या वरच होता. मी रात्री जेवेना. बाबा माझ्या ताटात भात जास्त वाढायला सांगत. सहाव्या दिवशी खाली उतरताना कॅरिअरवरून म्हणाले, “आणखी दोन दिवस आहेत. आज तं कमी होते कालच्यापरीस.” सातव्या दिवशी तळहातावर सहाच दाणे होते आणि सुटे एकोणीस. एकशे एकोणचाळीस! मी बाबांच्या हातातले दाणे उचलून हवेत उडवले. ते रागावले, धान असं फेकत नाहीत म्हणाले, आणि मग वाकून एकेक वेचत बसले. हसत होते.

त्यानंतरचे अडीच महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस म्हणावेत असे गेले. सकाळी टेकडी, दुपारी बाबांच्या खळ्यावर पोती धरायला मी. अकराव्या वर्षापासून मी पोत्याला हात लावला नव्हता. आकडा कधी अडतीस, कधी पस्तीस. चढावरचं एक वळण होतं, तिथं सुरुवातीला मी उतरून सायकल ढकलत असे. पौषात ते वळण मी सीटवर बसून घेतलं. एकदा वर पोचून मी बाबांच्या आधी हसलो, कारण मला धाप लागायच्या आधी त्यांनाच पायवाटेनं लागली होती.

मुदत संपत आली, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली. चढानंतरचा आकडा सरकारी माणसानं मोजलेला हवा. बपेऱ्याच्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या, पन्नाशीच्या, सायकलनंच गावं फिरणाऱ्या. त्यांनी मोजून लिहून द्यावं, त्यावर सही होईल. आमचा जीव भांड्यात पडला. आकडा तर कधीपासून आत होता.

बाई आपल्या सायकलनं आल्या, निम्मा चढ ढकलत. मी चढून माथ्यावर आलो तेव्हा त्या आणि बाबा दोघं मोहाखाली उभे होते. उजवं मनगट बाईंनी धरलं. बाबांना राहवलं नाही, त्यांनी डावं धरलं. बाईंच्या घड्याळावर मिनिट सुरू झालं. एका बाजूला बाई ओठ मिटून, दुसऱ्या बाजूला बाबा पुटपुटत, आणि मधे मी, दोन्ही हात दिलेला.

“बस,” बाई म्हणाल्या. “एकशे बेचाळीस.”

बाबांनी तळहात पुढं केला. सहा दाणे, सुटे सोळा. एकशे छत्तीस.

“बाई, तुमचं चुकून राहिलं,” बाबा शांतपणे म्हणाले. “चाळीस वर्सं मोजून राहिलो मी.”

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी बाबांच्या तळहाताकडे पाहिलं. “काकाजी, हे दाणे कायचे?”

“विसाचा एक.”

“आणि वीस झाल्यावर लगेच पुन्हा लाभ म्हणता?”

“लगेच कसा? वरताळा जाऊ देतो ना.”

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला क्षणभर त्यात काही वावगं वाटलंच नाही. मग बाई म्हणाल्या, “सहा दाणे, सहा ठोके. काकाजी, तुम्ही दर विसाला एक ठोका सोडून दिला.”

 बाबा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. चाळीस वर्षांत त्या हातानं विसानंतर एक सोडला नाही असं कधी झालं नव्हतं, आणि माझ्या मनगटावरही त्यानं तेच केलं होतं. न मोजता, घेणाऱ्याला वर. मी मनातल्या मनात हिशेब केला. सातव्या दिवशीचे एकशे एकोणचाळीस म्हणजे खरे एकशे पंचेचाळीस. आठव्या दिवशीही वरच. डॉक्टरांच्या शब्दानं मला अडीच महिन्यांपूर्वीच घरी बसायला हवं होतं.

“बाई, दोनच ठोक्यांचा प्रश्न आहे,” मी म्हणालो. “एकशे चाळीस लिहा.”

बाईंनी काही उत्तर द्यायच्या आधी बाबाच बोलले. “नाही. बाईनं बराबर मोजलं. बाई, तुमचंच लिवा.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खाली उतरताना मी त्यांना जे बोललो ते आजही मला जसंच्या तसं आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं. मी म्हणालो, “तुमच्या मापानं दुसऱ्यायची पोती भरली, अन् माही नोकरी खाल्ली. मोजता येत नाही तं माहा हात काहून धरला?”  ते कॅरिअरवर बसले नाहीत. मी सायकल घेऊन पुढं निघून गेलो आणि ते बपेऱ्यापर्यंत पायी आले. उन्हं डोक्यावर आली तेव्हा पोचले. मुठीत ते सहा दाणे अजून होते. त्यांनी ते कणगीत टाकले.

दुसऱ्या दिवशी तुमसरला डॉक्टरांकडे ते माझ्याआधी आत गेले. मी दारात होतो. त्यांनी बाईंची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि हात जोडून सगळं सांगितलं. लाभ, वीस, दाणा, वरताळा. “पोराची चुकी नाही, साहेब. माह्या हाताची सवय. तीन महिने म्या त्याले तुमच्या हद्दीच्या वर चढवलं. त्याच्या दिलाले काही झालं असंन तं ते माह्या माथी.”

डॉक्टर खुर्चीत मागं रेलले. मग उठले, मला टेबलावर निजवलं आणि बराच वेळ ऐकत राहिले. मला तिथल्या तिथं वीस बैठका मारायला लावल्या आणि पुन्हा ऐकलं. “चाळीसचा आकडा काही पोथीत लिहिलेला नव्हता,” ते म्हणाले. “तुला जपायचं म्हणून मी तो मुद्दाम खाली धरला होता. त्याच्या वर तू रोज चढलास आणि हा आकडा उतरत आला. चक्कर नाही, सूज नाही, रात्री खोकला नाही. काकाजींनी बरोबर मोजलं असतं तर आठव्या दिवशी तू घरी बसला असतास आणि जन्मभर बसलेलाच राहिला असतास.” त्यांनी पेन उचललं आणि सही केली.

मी बाहेर येऊन नाचायचाच बाकी होतो. बाबा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी ऐकलं होतं, पण त्यांच्यापर्यंत ते पोचलं नव्हतं. “काही झालं असतं तं?” एवढंच ते म्हणाले. मी हसून उडवून लावलं. त्या क्षणी पायरीवर बसून दोन शब्द बोलायला हवे होते. मी टेकडीवर जे बोललो ते परत घ्यायला हवं होतं. नव्या नोकरीच्या घाईत मी घेतलं नाही, आणि मग दरवर्षी ते बोलणं जास्त अवघड होत गेलं. बाबांनी पुढं कधी माझ्या मनगटाला हात लावला नाही. खळ्यांवर मात्र त्यांचा वरताळा पहिल्यासारखाच सुटत राहिला.

गार्डाच्या नोकरीत मी शेकडो टेकड्या चढलो. ते कुरूप घड्याळ हातावर असे. पट्टा तीनदा बदलला, लाल काटा फिका पडला. कच्चा म्हणणारे लोक हळूहळू विसरून गेले.

ऐंशीचं दशक अर्धं उलटलं तेव्हा बाबांचंच हृदय थकलं. पाय सुजले, दोन पावलांत दम लागू लागला. तेच डॉक्टर, आता म्हातारे, घरी येऊन बघून गेले आणि मला म्हणाले, सकाळ, दुपार, संध्याकाळ नाडी मोजून लिहून ठेव, एकही ठोका चुकला तर मला कळायला हवं. मी रजा टाकली.

एका दुपारी बाबा पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होते. दाराबाहेर कुणाच्या तरी अंगणात धान वाळत घातलं होतं आणि त्याचा वास आत येत होता. मी त्यांचं मनगट धरलं. ते इतकं हलकं झालं होतं की मला आधी माझीच बोटं जड वाटली. ठोके येत होते, मधेच अडखळत, मधेच दोन एकदम. मी लाल काट्याकडे बघत मोजू लागलो, त्यांच्यासारखंच, ओठांतल्या ओठांत. लाभ, दोन, तीन.

“बाबा, त्या दिवशी टेकडीवर मी बोललो ते…” मिनिट मधेच राहिलं.

“मोज तू,” ते म्हणाले. “मधात बोलू नाही.”

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. लाभ. दोन. त्यांचेही ओठ हलत होते. तेही मोजत होते. वीस झाले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि फार हळू म्हणाले, “वीस झाले. आता एक सोड.”

मापारी घेणाऱ्यासाठी सोडतो. त्या दुपारी घेणारा कोण आहे ते मला कळत होतं आणि बाबांनाही. त्यांचा हात अजून आखडत नव्हता. मी मात्र त्यांचं मनगट घट्ट धरून पुढचा ठोका मोजला, एकविसावा, आणि त्याच्या पुढचाही. एकही सोडला नाही.